कुंकवाखालची खाच

मी पंखा बोलतोय. अहो, छताकडं काय बघताय? वारा घालणारा तो वेगळा. मी विमानाचा पंखा, दोन पात्यांचा. कागदोपत्री मला प्रोपेलर म्हणतात, पण लोणी गावात आल्यापासून लहानथोर सगळे पंखाच म्हणतात. खरं सांगू? मला तेच नाव आवडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्या माणसानं मला पारखून निवडलं तो सुदर्शन आज या जगात नाही. ही गोष्ट शेवटपर्यंत दडवून ठेवायची आणि मग तुम्हाला धक्का द्यायचा, हा माझा स्वभाव नव्हे.

माझा जन्म परदेशातला. एका थंड गावातल्या कारखान्यात अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर दणके घालून मला घडवलं, कडा घासल्या, तोल तपासला. मी साधा पंखा नव्हतो बरं का! साध्या पंख्याची पाती बुंध्याशी पक्की असतात, एकदा जो कोन दिला तो कायमचा. माझी पाती उडता उडता कोन बदलतात. घाटघरचा चढ लागला की जीपवाला गिअर पाडतो आणि सपाटीला आला की वर टाकतो, तसंच हे. जमिनीवरून उठताना पाती चपटी ठेवली की विमान थोडक्या धावेत उचलतं. वर गेल्यावर ती तिरकी केली की तेच विमान कमी इंधनात झपाझप वाट कापतं. विमानात बसल्या बसल्या एक दांडा ओढायचा, बस्स. याचा मला गर्व होता. आता कशाला खोटं बोलू, भरपूर गर्व होता.

पहिली काही वर्षं मी एका फ्लाइंग स्कूलच्या विमानावर काढली. शिकाऊ मंडळी विमान धाडकन जमिनीवर आदळायची आणि मग मास्तरांना सॉरी म्हणायची. मला कधी कुणी म्हटलं नाही. पुढं ते विमान मोडीत निघालं. मला तेल लावून लाकडी पेटीत घातलं आणि पुण्यातल्या एका गोदामात ठेवून दिलं. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नाजूक वस्तू, काळजीपूर्वक हाताळा’. गोदामातली माणसं त्याच अक्षरांवर बसून डबा खायची. अशी अकरा वर्षं गेली.

मग एक दिवस झाकण उघडलं आणि सुदर्शनचा चेहरा दिसला. पन्नाशीच्या आतला, उन्हानं रापलेला, कानावर पेन्सिल. तो आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. हवाई दलात वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या विमानांचे नटबोल्ट आवळले होते. निवृत्त होऊन घरी आला तो एकच ध्यास घेऊन, आपलं दोन माणसांचं विमान आपण बांधायचं आणि आपल्या रानातून उडवायचं. परवानग्यांच्या कागदांनी त्याची तीन वर्षं खाल्ली, तरी गडी हटला नाही.

त्यानं मला बाहेर काढलं आणि अंगठ्याचं नख माझ्या कडेवरून हळूहळू फिरवलं. आधी एक पातं, मग दुसरं. कुठं खाच, कुठं ओरखडा असेल तर तो नखाला अडतो. पंख्याच्या कडेला जोंधळ्याएवढी खाच असली तरी फिरता फिरता तिथून चीर जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं नख कुठंच अडलं नाही. तेवढ्यावर न भागता त्यानं मला तपासणीच्या कारखान्यात नेलं. तिथं माझे सांधे उघडले, आतून-बाहेरून बघितलं आणि मी निर्दोष असल्याचा शिक्क्याचा कागद दिला. अकरा वर्षं पेटीत कुजलेल्याला त्या कागदाचं मोल काय असतं, ते तुम्हाला कसं कळणार!

लोणीला पोचलो तेव्हा कळलं की तिथं माझा एक सावत्र भाऊ आधीच बसलेला आहे. लाकडाचा पंखा. तो घडवला होता जुन्नरच्या चांदनं. चांद म्हणजे लाकूडकामातला पोचलेला कारागीर आणि सुदर्शनचा जिवाभावाचा दोस्त. विमानाच्या पंखांतल्या लाकडी फासळ्या सगळ्या त्याच्याच हातच्या. त्यावर हौसेनं त्यानं चार महिने खपून सागवानी पंखा कोरला होता, इतका सुबक की बघत राहावं. पण सुदर्शनचं रान चारशे पावलांचं, आणि पलीकडं विजेच्या तारा. लाकडी पंख्यावर विमान धावायला लागलं की जमीन सुटायच्या आत तारा जवळ यायच्या आणि सुदर्शनला ते आवरावं लागायचं.

मला बघून चांदचं तोंड उतरलं. तो म्हणाला, “माझ्या पंख्यात खोट काय निघाली, ते तरी सांग भाऊ.”

“खोट तुझ्या पंख्यात नाय चांदभाई, माझ्या रानात हाय,” सुदर्शन म्हणाला. “त्यो झटक्यात उचलंल असा घडवला, तर वर गेल्यावर बैलगाडीच्या चालीनं चालतोय. वर पळंल असा घडवला, तर तारांना भिडतोय.”

“मग रान वाढव.”

“शेजारी देतोय व्हय!”

दोघंही हसले, पण चांदचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं माझ्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “ह्याच्यात लई सांधे हायेत. बिघडायला लई जागा.” माझा असा संताप झाला म्हणता! पण ज्याची चार महिन्यांची मेहनत भिंतीला टांगली जाते त्यानं आणखी काय बोलावं?

सुदर्शननं मला विमानाच्या नाकावर चढवलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला तुमच्याकडं हत्यारं, अवजारं, गाड्या सगळ्यांची पूजा असते, त्यामुळं माझी पूजा होणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता, ती करायची कुणी? सुदर्शनची बायको आरती ताट घेऊन पुढं आली. सुदर्शन म्हणाला, “आज आई करंल.”

त्याची आई धोंडाबाई उंबऱ्यातच थबकली. नवरा गेल्याला तिला सोळा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून तिनं कुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. भावकीतली सोनीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, “आगं, विधवेनं कुंकू लावायचं असतंय व्हय मशिनीला? पयलं उडान हाय.”

“माझ्या आईच्या बोटात वंगाळ काय हाय काकू?” सुदर्शन म्हणाला. “तिनं लावल्याबिगर हे विमान जागचं हलायचं न्हाई.”

आरतीनं ताट सासूच्या हातात दिलं. धोंडाबाई ताट घेऊन माझ्यासमोर आली. तिनं मला हळद वाहिली, झेंडूची माळ घातली, आणि मग नारळ घेतला. दगडावर दोनदा आपटला, फुटेना. एवढ्यात सुदर्शन फोटोसाठी मोबाइल आणायला आत गेला, बाकीची मंडळी निरांजन पेटवायला काडेपेटीची शोधाशोध करायला लागली. धोंडाबाईनं जन्मभर नांगराच्या फाळावर धरून नारळ फोडलेले. तिनं सवयीनं नारळ माझ्या कडेवर टेकवला आणि कोयत्याचा एक दणका दिला. नारळ फुटला. कोयता निसटला आणि त्याचं टोक माझ्या कडेवर बसलं.

लागलं मला. फार नाही, जोंधळ्याएवढं.

धोंडाबाई चरकली. पदरानं ती जागा पुसली. “लागलं का रं बाबा?” ती माझ्याशीच बोलली. घरात कुणाला खरचटलं की हळद दाबतात ना, तशी तिनं तिथं हळद दाबली आणि वर कुंकवाचा जाड टिळा लावला. मुद्दाम लपवलं असं नका म्हणू. तिच्या लेखी ते औषध होतं. आणि माझ्यासारख्या धातूच्या धुडाला इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्या क्षणी मीही खूश झालो. मूर्ख!

सुदर्शन परत आला तेव्हा नारळ फुटलेला, आई हसत होती, माझ्या पात्यावर कुंकू होतं. त्यानं फोटो काढला.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. सुदर्शन रोज उडण्याआधी माझ्या कडेवरून नख फिरवायचा. बुंध्यापासून निघायचा, टोकाकडं जायचा. उजव्या पात्यावर, टोकापासून हातभर अलीकडं, आईचं कुंकू यायचं. तिथं तो नख उचलायचा आणि पलीकडं टेकवायचा. सोळा वर्षांनी आईनं लावलेलं कुंकू तो कसा खरवडणार? ते फिकं झालं की धोंडाबाई उडायच्या सकाळी पुन्हा तिथंच टिळा लावायची. वीस वर्षं ज्याच्या नजरेतून सैल स्क्रू सुटला नाही, तो माणूस रोज बोटभर जागा आईसाठी सोडत राहिला. मी कितीदा म्हटलं, पूस रे, एकदा पूस! पण माझा आवाज म्हणजे नुसती घरघर, ती त्याला इंजिनाचीच वाटायची.

ते पाच महिने मात्र सोन्याचे होते. पहिल्या दिवशी विमान दोनशे पावलांतच उचललं आणि तारा खाली राहिल्या. रानाच्या कडेनं उभ्या माणसांनी टोप्या उडवल्या. घोड नदी, कांद्याचे वाफे, नारायणगावच्या बाजाराकडं निघालेल्या जीपगाड्या, सगळं खालून सरकत जायचं. सुदर्शन एकटाच मोठमोठ्यानं गाणी म्हणायचा, बेसूर. त्यानं आईलाही बोलावलं, पण धोंडाबाई म्हणाली, “मी हितनंच बघते बाबा. खालनं कुणीतरी बघाया पायजे.”

चांदला त्यानं एकदा ओढूनच नेलं. जुन्नरवर आल्यावर चांद खिडकीला नाक लावून ओरडला, “आरं आरं, ते आमचं घर! सायराबानूनं वाळत घातल्याली गोधडी दिसतीया!” सायराबानू त्याची बायको. सुदर्शन हसला आणि त्यानं दांडा ओढला. माझी पाती वळली, सूर बदलला, विमान निवांत झालं. चांद कान देऊन ऐकत राहिला. खाली उतरल्यावर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “मानलं राव तुला. आपला शब्द मागं घेतला.” त्या दिवशी माझा आणि त्याचा तंटा मिटला.

कुंकवाखाली चीर मात्र वाढत होती. आधी केसाएवढी, मग नखाएवढी. मला प्रत्येक फेरीला कळत होतं.

शिमग्यानंतरच्या एका सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. धोंडाबाईनं टिळा लावला, सुदर्शननं नख फिरवलं, उचललं, टेकवलं. तो एकटाच निघाला. नारायणगावच्या अलीकडं माझं उजवं पातं त्या जागी तुटलं. एका अंगानं हलकं झालेलं माझं उरलेलं शरीर असं हिसकायला लागलं की इंजिन बैठकीवरून सुटलं. सुदर्शननं शेवटपर्यंत दांडे सोडले नाहीत. वस्तीवरून त्यानं विमान बाजूला नेलं आणि आम्ही कांद्याच्या रानात कोसळलो. माझ्याआधी त्याचा श्वास थांबला. मी लांबवर फेकलो गेलो, मला त्याच्याकडं बघायलाही मिळालं नाही.

चांद जुन्नरहून मोटारसायकलवर आला. त्याला सुदर्शनजवळ जाऊ देईनात, म्हणून तो वेड्यासारखा रानात फिरत राहिला आणि त्याला वाफ्यात माझा तुटका तुकडा सापडला. तुटलेल्या कडेला खाच होती, खाचेत लाल भुकटी. लाकूडकाम करणाऱ्याला कोयत्याची खाच ओळखू येणार नाही होय? तो वाफ्यातच खाली बसला. मग त्यानं खिशातला रुमाल काढून ते कुंकू पार पुसलं आणि तुकडा चौकशीच्या साहेबांकडं नेऊन दिला. कोयत्याचं नाव काढलं नाही.

पाच महिन्यांनी, ऐन श्रावणात, मला परत लोणीला आणून टाकलं. सोबत अहवाल होता. आरतीनं तो ओसरीवर वाचला: पात्याच्या कडेला आधीची इजा होती, तिच्यातून चीर गेली, इजा कशानं झाली ते निश्चित सांगता येत नाही. ऐकायला सोनीबाई आलीच होती. ती म्हणाली, “मी तवाच बोलले व्हते, कुंकवाला हात लावू नगं म्हणून. लागला ना हात!”

धोंडाबाई उठून माझ्याजवळ आली, पात्याच्या तुटक्या कडेकडं बघत राहिली. त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. पहिल्या दिवशी पाणी तरी प्यायली. तिसऱ्या दिवशी तेही तोंडातून बाहेर यायला लागलं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, हिला जगायचंच नाही. आरतीनं घाबरून चांदला बोलावून घेतलं.

चांद आला तेव्हा दुपारचं ऊन होतं. धोंडाबाई माझ्यासमोरच पोत्यावर बसली होती. आरती बाजूला उभी, तिच्या हातात माझा तो शिक्क्याचा कागद. आपल्या नवऱ्यानं पंखा तपासूनच घेतला होता, हे तिला सोनीबाईसारख्यांना दाखवायचं होतं.

“चांदा,” धोंडाबाई म्हणाली, “तुला सगळं कळतंय. माझ्यासंगट खोटं बोलू नगं. खंडेनवमीला माझा कोयता निसटला व्हता. ह्याला लागला व्हता. मी कुनाला बोलले न्हाई. माझ्याच हातानं गेलं का रं माझं पोर?”

चांदनं मान खाली घातली. मला वाटलं, आता हा बोलून जाणार. तो पुढं आला, माझ्या तुटक्या कडेवर त्यानं बोट ठेवलं.

“न्हाई मावशी. तुमच्या कोयत्यानं ह्याला ओरखडा बी पडला न्हाई. ही चीर बघा, आतली हाय, लई जुनी. फ्लाइंग स्कूलवाल्यांनी आपटून आपटून आधीच खिळखिळा केल्याला व्हता. आपला भाऊ फसला. मी तवाच बोललो व्हतो, घिऊ नगं म्हणून. पंखाच खोटा व्हता.”

खोटं! साफ खोटं! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. ज्यानं मला मानलं, ज्यानं शब्द मागं घेतला, तोच हे बोलत होता. आणि माझी साक्ष आरतीच्या हातात होती, शिक्क्यासकट.

आरतीनं चांदकडं पाहिलं. चांदनं पाठीमागच्या दुसऱ्या हातानं तिला थांबायची खूण केली. तिला सगळं कळलं. नवऱ्यानं जपून फाइलमध्ये ठेवलेला तो कागद तिनं सासूसमोर धरला आणि म्हणाली, “खरंय आई. हा कागदसुद्धा खोटाच निघाला. फसवलं आम्हाला.” तिनं तो फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके. माझी उभ्या जन्माची अब्रू तिच्या पायांपाशी पडली. नवऱ्याची हुशारीही तिनं त्यातच फाडली होती, आणि तिचे डोळे कोरडे होते.

धोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग हळूहळू उठली. पायातली वहाण काढली आणि माझ्या तोंडावर हाणली.

“मुडद्या! माझं पोर खाल्लंस! तुला हळद लावली रं मी, कुंकू लावलं!”

एक, दोन, पाच. हाणता हाणता तिचा हुंदका फुटला. सुदर्शन गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दुपारी ती पोट धरून रडली आणि दमून खाली बसली. आरतीनं दुधात भाकरी कुस्करून आणली. धोंडाबाईनं पहिला घास घेतला, तो आत राहिला. दुसराही राहिला. चांद पाठ फिरवून गोठ्याकडं तोंड करून उभा होता.

तेव्हा मी ओरडायचं थांबवलं.

आता मी कांदे साठवायच्या चाळीमागं उभा असतो. रोज सकाळी धोंडाबाई येते, मला दोन शिव्या हासडते आणि घरात जाऊन भाकरी खाते. मला राग येत नाही. सुदर्शनसाठी मला करता येण्यासारखं आता एवढंच उरलं आहे.

तुम्ही कधी लोणीकडं आलात तर ती तुम्हालाही माझ्यासमोर उभं करील आणि मी किती वाईट ते सांगेल. कृपा करून तिला समजावू नका, कागद नका मागू, खाच नका शोधू. मान हलवा आणि म्हणा, “व्हय आजी, पंखाच खोटा निघाला.”